एकट्या वृद्धांच्या घरी जबरी चोरी: पहिली फिर्याद आणि पुरवणी जबाब जुळत नसतील तर?

विधीसेवा_राजापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. विधी सेवेच्या स्वयंसेवकांसाठी एक टिपण करतोय. त्यासाठी तपास, कोर्ट आणि मानसिक आरोग्य या तिन्ही बाजूंच्या जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे.

प्रसंग आपल्याकडचा ओळखीचा आहे. मुलं मुंबईला, वाडीच्या टोकाचं चिऱ्याचं घर, आत सत्तरीची बाई एकटी. रात्री मागच्या पडवीचं दार उचकटून माणसं आत येतात, हात बांधतात, अंगावरचं आणि पेटीतलं सोनं नेतात. सकाळी सहा-सातला फिर्याद घेतली जाते. त्यात दोन माणसं आणि कोयता. आठवड्याने बाई म्हणते, तिसरा बाहेर खळ्यात उभा होता, आणि हातात कोयताच होता असं नक्की सांगता येत नाही. तपासी अंमलदार वैतागतो, घरचे म्हणतात "आई आता काहीही बोलते", आणि आरोपीच्या वकिलाचं काम सोपं होतं.

विचारायचं असं: पहिल्या फिर्यादीत किती लिहावं? नंतर आठवलेलं कसं नोंदवायचं? पहिल्या दोन दिवसांत घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय टाळायचं? कलमं नव्या कायद्यांची द्या. जुने आकडे डोक्यातून जाता जात नाहीत.

---

तपासटिपण

फिर्याद म्हणजे गुन्ह्याचा संपूर्ण इतिहास नव्हे. तपास सुरू व्हायला लागतं तेवढंच तिच्यात हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलंय. तरी ठाण्यात फिर्याद "भरगच्च" करायची खोड जात नाही. बाई "कायतरी होतं हातात" म्हणते, कागदावर "धारदार कोयता" येतो. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. आठवण बदललेली नसते, लिहिणाऱ्याने तिच्या नावावर अंदाज खपवलेला असतो.

सर्वांत महाग पडणारा अंदाज माणसांच्या आकड्याचा. आपण बोलताना "चार-पाच जण होते" असं सहज म्हणतो. त्याचा अर्थ "बरेच होते" एवढाच. लिहिणारा "पाच" लिहितो आणि जबरी चोरीचा दरोडा होतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ जबरी चोरीचं, ३१० दरोड्याचं. दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात. पुढे चारच सापडले आणि पाचवा कोण हे कुणालाच सांगता आलं नाही, तर बचाव पक्ष त्या एका शब्दावर तासभर उलटतपास घेतो. म्हणून "किती जण?" याच्यापाठोपाठ "डोळ्यांनी किती दिसले, आवाज किती ऐकले?" हे वेगळं विचारा आणि वेगळं लिहा. "मला दोघे दिसले, बाहेर आणखी कुणीतरी बोलत असल्याचा आवाज आला" हे वाक्य कोर्टात टिकतं. तुमच्या उदाहरणातला तिसरा माणूस पहिल्याच दिवशी या वाक्यात मावला असता.

दुसरी गोष्ट बोलीची. ठाणे अंमलदार घाटावरचा, बाई मालवणी बोलणारी. ती म्हणते "माजा भांगार गेला". मालवणीत भांगार म्हणजे सोनं. घाटावरच्या कानाला ते भंगार ऐकू येतं. हसण्यासारखं आहे, पण नोंद चुकली की मुद्देमालाच्या यादीपर्यंत चूक चालत जाते. महत्त्वाचे शब्द तिच्याच बोलीत अवतरणात लिहावेत, पुढे प्रमाण मराठीत अर्थ द्यावा. आणि सोनं तोळ्यात सांगितलं तर तोळ्यातच लिहा, स्वतः ग्रॅम करू नका. दागिना ओळखू येईल असं वर्णन घ्या: दोन वाट्यांचं मंगळसूत्र, एक वाटी चेपलेली, काळे मणी नव्याने ओवलेले. सोनाराची पावती नसेल तर लग्नाचा किंवा बारशाचा फोटो शोधा.

पहिल्या तासात लागतं ते हे: कुठून आले, कुठे गेले, कशाने गेले (मोटरसायकल की पायी), डोळ्यांनी किती दिसले, कुठल्या वस्तूंना हात लावला, काय नेलं, कुणाला लागलंय. यावर नाकाबंदी लावता येते. आपल्याकडे वर जायच्या वाटा मोजक्या आहेत: राजापुरातून अणुस्कुरा, कणकवलीतून फोंडा, वैभववाडीतून करूळ आणि भुईबावडा, सावंतवाडीतून आंबोली. शिवाय ६६ नंबरचा महामार्ग आणि कोकण रेल्वेची स्टेशनं. दुकानांच्या सीसीटीव्हीचं जुनं चित्रण साठा भरला की आपोआप पुसलं जातं. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरच राहतं, कुठे त्याहूनही कमी. ते पहिल्याच दिवशी मागा आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्या. प्रमाणपत्राविना दिलेला पेनड्राइव्ह पुढे डोकेदुखी होतो.

कपड्यांचे रंग, चेहरा, कोण आधी बोललं, कशाच्या आधी काय झालं, हे सविस्तर नंतर. एक-दोन रात्री झोप झाल्यावर.

आणखी एक, स्वयंसेवकांनी पाठच करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७९ प्रमाणे स्त्रीला, तसंच साठीवरच्या पुरुषाला, साक्षीसाठी राहत्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती करता येत नाही. "आजीला घेऊन ठाण्यात या" असा फोन आला तर नम्रपणे हे कलम सांगा. जबाब घरी येऊन घेता येतो.

---

मनआरोग्य_सिंधुदुर्ग

वरच्यांनी "आठवण बदललेली नसते" म्हटलंय, त्यात थोडी भर.

जिवावर बेतलेलं असताना मेंदू सगळं सारखं टिपत नाही. ताणाची संप्रेरकं उसळतात, लक्ष धोक्यावर खिळतं. पातं, दोरी, तोंडावरचा हात हे अगदी ठसठशीत राहतं. शर्टाचा रंग, मिनिटं, घटनांचा क्रम हे विस्कळीत होतं. म्हणून बाई चाकूच्या मुठीवरचं पितळी कडं सांगते पण चेहरा सांगू शकत नाही. हे अपेक्षितच आहे, लपवाछपवी नव्हे. वेळ तर हमखास ताणली जाते, दहा मिनिटं झाली असतील तिथे "तासभर" म्हणतात. घड्याळ विचारण्यापेक्षा खुणा विचारा. वस्तीची एसटी येऊन गेली होती का? वीज गेली ती आधी की नंतर? कोंबडा आरवला होता? दूधवाला यायच्या किती आधी?

दोन प्रश्न बंदच करा. "ओरडलात का नाही?" आणि "दार उघडलंत कशाला?" भीतीने शरीर ताठरून जातं, आवाज फुटत नाही, हात हलत नाहीत. ही आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. हा प्रश्न विचारला की माणूस स्वतःला वाचवायला उत्तर रचतो ("ओरडले होते, कुणी ऐकलं नाही") आणि ते रचलेलं उत्तर जबाबात जाऊन बसतं. त्याऐवजी "त्या वेळी तुम्हाला काय करता आलं?" असं विचारा. तसंच, बाई चहा विचारत, शांतपणे, कोरड्या आवाजात सांगते म्हणून तिला काही झालं नाही असं समजू नका. सुन्नपणा असाच दिसतो.

सविस्तर जबाबासाठी फिशर आणि गाइसलमन यांनी १९८० च्या दशकात बांधलेली मुलाखतीची पद्धत उपयोगी आहे. वृद्धांसाठी तिचे दोन भागच घ्या. एक, प्रसंग मनात उभा करायला सांगणं: झोपण्यापूर्वी काय केलं, अंथरूण कुठे होतं, दिवा कुठला चालू होता, कसला वास येत होता. दुसरं, क्षुल्लक वाटलं तरी सगळं सांगायला सांगणं. मध्ये तोडायचं नाही. ती थांबली की मनात दहापर्यंत मोजा. बरंच काही त्या शांततेनंतर येतं. उलट्या क्रमाने सांगायला लावणं या वयात थकवतं, ते सोडा. "त्याच्या हातात कोयता होता ना?" हा प्रश्न नव्हे, ही सूचना आहे. "त्याच्या हातांबद्दल सांगा" हा प्रश्न. पाऊण तासाच्या वर ताणू नका.

आता एक गोष्ट जी तपासात सुटते आणि जीव घेते. डोक्याला मार लागला असेल, किंवा बांधलेल्या अवस्थेत पडली असेल, तर "विसरते, घोळ घालते" हे मनाचं आहे असं गृहीत धरू नका. वृद्धांत कवटीखाली हळूहळू रक्त साकळतं आणि त्याची लक्षणं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात: वाढती डोकेदुखी, गुंगी, चालताना एका बाजूला झोक, बोलण्यात गोंधळ. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका आणखी. सी.टी. स्कॅन करून घ्या. आधी ते, मग जबाब.

झोपेच्या गोळ्यांबद्दल. दुसऱ्याच रात्री कुणीतरी अल्प्राझोलम आणून देतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की पहिल्या महिन्यातल्या आघाताच्या लक्षणांवर या गटातली औषधं देऊ नयेत. म्हातारपणी तोल जातो, गोंधळ वाढतो. शिवाय गोळीच्या अमलाखाली जबाब झाला हे उलटतपासात निघालं तर तो जबाब गेलाच. "सगळं एकदा बोलून टाका, मोकळं व्हा" अशी बळजबरीची बैठकही घेऊ नका, तिचा उपयोग होत नाही. सोबत, गरम जेवण, ओळखीचं माणूस रात्री घरात, मागच्या दाराला नवा अडसर, पुढे काय होणार याची साधी माहिती. पहिल्या आठवड्यात एवढंच.

महिना उलटूनही दिवेलागणीला धडधड, कुत्रा भुंकला की दचकणं, माजघरात पाऊल न टाकणं, तेच स्वप्न, असं चालू राहिलं तर आघातोत्तर तणावाची तपासणी हवी. त्यावर आघात-केंद्रित वर्तनोपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे जा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

---

फौजदारी_बाजू

डॉक्टरांचं वैद्यक मान्य. "एक-दोन रात्रींनी सविस्तर" यावर मात्र सावध करतो. कोर्टात उशीर चालतो, पण कारण न दिलेला उशीर चालत नाही. पुरवणी जबाबाची पहिली ओळ कारणाची असावी: "फिर्यादीच्या वेळी मी घाबरलेली होते, हातांना सूज होती, दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून थोडक्यात सांगितलं. आज सविस्तर सांगते." दवाखान्याचा कागद सोबत जोडलेला असला की ती ओळ नुसती सबब राहत नाही.

बदल लपवू नका. "कोयता" आधी लिहून गेलं असेल तर पुरवणीत स्पष्ट लिहा: "फिर्यादीत कोयता असं लिहिलं आहे. मी लांब धातूची वस्तू पाहिली. ती कोयताच होती असं मी खात्रीने सांगू शकत नाही." नागरिक सुरक्षा संहितेच्या (खालची नुसती कलमंही तिचीच) कलम १८१ च्या स्पष्टीकरणानुसार महत्त्वाची गोष्ट वगळणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते, आणि साक्ष्य अधिनियमाच्या १४८ ने आधीचा लेखी जबाब साक्षीदारापुढे ठेवता येतो. विसंगती आपणच कारणासह नोंदवली की तिचा दात निघतो.

सह्यांचा गोंधळ नेहमी होतो. फिर्याद वाचून दाखवल्यावर तिच्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि कलम १७३(२) प्रमाणे प्रत लगेच, फुकट मिळते. कलम १८० खालच्या पोलीस जबाबावर मात्र साक्षीदाराची सही घ्यायची नसते. सही मागितली तर नाही म्हणा.

दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साक्षीदार समोर आणला तर दंडाधिकाऱ्यांनी कलम १८३ खाली जबाब नोंदवायचाच असतो. जबरी चोरी यात बसते. सत्तरीच्या साक्षीदाराचा तो जबाब लवकर करून घ्यावा. खटला कधी उभा राहील याचा नेम नसतो, आणि पाटीवर "पुढील तारीख" लिहायला कुणाला काही लागत नाही.

तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवणं कलम १९३(३) ने बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी मागा, तोंडी नको.

---

पाटीलकी

गावात पोलीस येण्याआधीचे दोन तास आमच्या हातात असतात, म्हणून तेवढंच लिहितो.

पहिली बातमी फुटली की सगळी वाडी पडवीत. कुणी आजीला पाणी देतो, कुणी चोरांनी ज्या तांब्याने पाणी प्यालं तोच तांब्या विसळून ठेवतो. आणि सून आलीच असेल तर "घर विटाळलं" म्हणून माजघर सारवायला घेते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि पावसाळ्यात खळ्यातल्या लाल मातीत पावलं सुरेख उमटलेली असतात. एका सारवणात सगळं साफ. मागच्या दारापासून पाणंदीपर्यंतची वाट दोरी लावून बंद करा, लोकांना पुढच्या बाजूने सोडा. उमटलेल्या पावलावर घमेलं पालथं घाला, कडा ठशाला टेकणार नाही असं. पाऊस असेल तर वर प्लास्टिक आणि बाजूने पाण्याला चर.

दोरीने हात बांधले असतील तर गाठ सोडायची नाही. गाठीपासून लांब, कोयत्याने नव्हे, कात्रीने कापा. गाठ कशी मारली यावरून बांधणारा होडीवरचा की गुरं बांधणारा याचा अंदाज तपासात लागू शकतो. कापलेली टोकं वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांना चिंधी बांधा. चिकटपट्टी असेल तर तिचा चुरगळून गोळा करू नका, तिच्या चिकट बाजूवर बोटांचे ठसे राहतात.

---

तपासटिपण

पाटील, गाठीचं बरोबर. भर एवढीच: ओली दोरी, ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते आणि जैविक पुरावा जातो. आतल्या खोलीत पंख्याखाली सुकवायचं, उन्हात किंवा चुलीजवळ नाही, मग कागदी पाकिटात. हे पंचांसमोर पोलिसांनीच करायचं. आपण फक्त हात न लावता राखून ठेवायचं. जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचं आहे. रेंज नसली तरी मोबाईलवर चित्रीकरण होतं, रेंजचं कारण चालत नाही.

मनगटावरच्या वळांचे फोटो त्याच दिवशी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. काळंनिळं उशिरा उठतं. डॉक्टरी दाखला यात महत्त्वाचा. लुटताना दुखापत केली असेल तर न्याय संहितेचं ३०९(६) लागतं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

---

विधीसेवा_राजापूर

खूप उपयोगी. दोन अडचणी राहिल्या. एक, गावात लगेच देवळात गाऱ्हाणं आणि कौल होतो, शिवाय व्हॉट्सअॅपवर संशयिताचा फोटो फिरतो. दोन, मुलगा आईला दुसऱ्याच दिवशी मुंबईला नेतो.

---

फौजदारी_बाजू

गाऱ्हाणं जरूर घाला, आजीला त्याने धीर येतो. कौल लावून नाव मात्र काढू नका. कौलात "पलीकडच्या वाडीतला" असं आलं की आजीच्या आठवणीत त्याच माणसाचा चेहरा बसायला लागतो, आणि तो निर्दोष असेल तर दोन घरांची वाट लागते. फोटोचं तेच. ओळख परेडआधी साक्षीदाराने संशयिताचा फोटो पाहिला हे सिद्ध झालं की परेडीची किंमत उरत नाही. परेड कार्यकारी दंडाधिकारी घेतात, पोलीस तिथे नसतात. एका संशयितासोबत निदान सहा सारख्या दिसणाऱ्या व्यक्ती, दोन असतील तर दहा-बारा. आजीला आधीच सांगा: "यात तो असेलच असं नाही. ओळखलं नाही तरी चालेल." नाहीतर कुणाला तरी दाखवायलाच हवं असं वाटून ती बोट ठेवते. आणि त्या रात्रीचा उजेड जबाबात हवा: झिरोचा बल्ब होता की चोरांचीच बॅटरी, चष्मा होता का, मोतीबिंदू झालाय का, अंतर किती. "उंबऱ्यापासून चुलीपर्यंत" म्हणाली तर पंचनाम्यात टेपने मोजून घ्या.

---

मनआरोग्य_सिंधुदुर्ग

मुंबईला नेण्याबद्दल. मुलाचा जीव घाबरतो हे खरं, पण अनोळखी खोलीत, चौथ्या मजल्यावर, दिवसभर एकटी बसलेली आई जास्त खचते. तिला विचारून ठरवा. शक्य असेल तर पंधरा दिवस मुलगा किंवा सून गावी राहू दे. नाहीच जमलं तर बहिणीकडे, शेजारच्या गावात. माजघरात परत झोपायचं ते हळूहळू: आधी दिवसा निवडटिपण करायला, मग कुणीतरी सोबत असताना दुपारची वामकुक्षी, मग रात्री.

---

फौजदारी_बाजू

आणि नेलंच तर तपासी अंमलदाराला नवा पत्ता, फोन लेखी द्या, पोच घ्या. समन्स गावच्या कुलूपबंद घरावर चिकटून राहतं.

भरपाईचं विसरू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत व्हायची असते. ती पुनर्वसनासाठी आहे, गेलेलं सोनं त्यातून भरून येणार नाही. सोनं सापडलं तर ते मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षं पडू नये म्हणून कलम ४९७ आहे: कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत वर्णनाची यादी, फोटो, चित्रीकरण, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. अर्जाला फिर्यादीतलं दागिन्याचं वर्णन जोडावं लागतं. तिथे "एक मंगळसूत्र, पिवळ्या धातूचे" एवढंच असेल तर सापडलेलं मंगळसूत्र त्याच आजीचं, हे पटवताना नाकी नऊ येतात. चेपलेली वाटी लिहिलेली असेल तर आदेश लवकर होतो.